दोन माणसांचं इंधन

घरातल्या श्वासांपासून उन्हावर इंधन बनवणारं यंत्र शिरीषरावांच्या खिडकीत होतं. त्याची बाटली रोज किती भरते, ते मुलीला, ऋजुताला, टोरांटोत फोनवर दिसे.

"बाबा, हल्ली दोन माणसांइतकं इंधन जमतंय. कोण येतं?"

"घैसास. पत्ते खेळतो आम्ही दुपारभर."

"बरं झालं बाई! एकटेच असाल तर वृद्धाश्रमात नाव घालणार होते तुमचं. द्या ना काकांना फोन."

"आत्ताच गेला तो."

फोन ठेवून शिरीषरावांनी घाम पुसला. घैसास जाऊन वर्ष झालं होतं. ऊन अजून खिडकीत होतं. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. घैसासच्या वाटणीच्या चाळीस उठाबशा अजून बाकी होत्या.