हुकूमशहा गेल्यावर

हुकूमशहाच्या तुरुंगात थोरला भाऊ मेला, तेव्हा लबीब बगदाद सोडून अमेरिकेत पळाला. तिथल्या प्रत्येक सभेत तो एकच सांगायचा, "आमच्याच्याने तो हटणार नाही. तुमच्या फौजा पाठवा." शेवटी फौजा गेल्या, हुकूमशहा पडला आणि लबीब घरी परतला.

गल्लीच्या तोंडाशी म्हातारा न्हावी ओरडला, "काय रे, रणगाड्यातून आलास की टॅक्सीने?" लबीब हसला. पण पुढे त्याच्या घराच्या जागी नुसता खड्डा होता. बॉम्बहल्ल्यात आईवडील गेल्याचं त्याला फोनवर कळलं होतं, तरी तो खड्ड्याच्या काठाशीच खाली बसला. बहीण नजला त्याला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेली. तिने चहा आणि खजुराच्या वड्या पुढे ठेवल्या. त्याने कप बाजूला सरकवला.

"नजला, मला शिव्या दे. फौजा मीच मागत होतो."

"वेडा आहेस का? तो राक्षस जावा असं आम्हालाही वाटायचंच की."

"मग सगळं शहर बाहेर पडत होतं, तेव्हा आईबाबा का नाही निघाले?"



"मी न्यायला आले होते रे. गाडीवर गाद्यासुद्धा बांधून झाल्या होत्या. तेवढ्यात परदेशी रेडिओवर तुझा आवाज आला, 'बॉम्ब फक्त महालांवर पडतील, साध्या माणसांनी घाबरू नये.' बाबा म्हणाले, 'आपला लबीब सांगतोय, उतरवा सामान.'"