डाव्या बाजूचा पंप

जन्मभर लोकांच्या घरातली गळती थांबवली आणि साठीनंतर रिमोटवर चालणारी माझी पहिली युद्धनौका बांधायला घेतली. तळ्यावरच्या लढतीत छर्रे मारून एकमेकांच्या नौका बुडवायच्या, या कल्पनेनंच मला झोप येईना. बायको आधी हसली, मग रोज चहा घेऊन शेजारी बसायला लागली.

"पाणी उपसायचा पंप कुठे बसवलात? तोफ मागे वळते का?"

मी हरखून सगळं सांगायचो. पंप मागे, डावीकडे. तोफ फक्त पुढे. गोंद तेवढा हल्ली भराभर संपायचा.

पहिल्याच लढतीत एक करडी नौका सरळ माझ्या मागे आली. डावीकडे सात भोकं पडली, पंप बंद झाला, नौका तळाला गेली. मी पलीकडच्या काठाकडे पाहिलं.

हातातला रिमोट खाली न ठेवता बायकोनं तिथूनच ओरडून विचारलं, "चहा घेणार?"