धाकटीची किडनी

काखेतली गाठ कॅन्सरची आहे, हे ताईने निमूट ऐकून घेतलं. पुढचं मात्र तिला ऐकवेना.

चार वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीने तिला किडनी दिली होती. परकी किडनी शरीराने मारू नये म्हणून ताई रोज गोळ्या घेई. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की शरीरातल्या, परक्यावर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशींना या गोळ्या गुंगीत ठेवतात. त्यामुळेच गाठीचं फावलं आहे. गोळ्या थांबवल्या तर पेशी जाग्या होतील, गाठीवर जातील. पण किडनीलाही सोडणार नाहीत.

गाठीचा तुकडा आणखी एका तपासणीला पाठवला होता. त्याला वेळ लागणार होता, आणि तोवर थांबण्यात अर्थ नव्हता.

आठवडाभर ताई गप्प होती. शिवणाच्या मशीनवर बसे आणि बाह्या उलट्या जोडे. सख्ख्या बहिणीच्या पोटातलं घेतलं, आता तेही घालवायचं, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

शेवटी धाकटीनेच ओळखलं. ती बसवर कंडक्टर. नुसत्या चेहऱ्यावरून बिनतिकिटाचा माणूस हुडकायची. तिने खोदून खोदून सगळं काढून घेतलं आणि म्हणाली, "जाऊ दे गं ती किडनी. मला द्यायला आता दुसरी नाही, पण बहीण तरी कुठे दुसरी आहे?"

गोळ्या बंद झाल्या. दोन महिन्यांत किडनी गेली. आठवड्यातून तीनदा ताईला डायलिसिसला जावं लागे. धाकटी ड्यूटी बदलून घेऊन सोबत येई. या धावपळीत ती पार वाळली. दोघींत पेशंट कोण, असं एका नर्सने विचारलं, तेव्हा जाड आहे ती, असं धाकटीने सांगून टाकलं. ताईलाही हसू आलं.

गाठ मात्र विरत गेली. तिसऱ्या महिन्यात ती बोटालाही लागेना. धाकटीला बाहेर बाकावर बसवून ताई आत गेली.

डॉक्टरीणबाईंच्या हातात तुकड्याचा अहवाल होता.

"गाठ पूर्ण गेली. इतक्या लवकर का, तेही आज कळलं. गाठीतल्या पेशी तुमच्या नव्हत्याच. तुमच्या शरीराने त्या परक्या म्हणून ओळखल्या आणि संपवल्या."

"माझ्या नव्हत्या? मग आल्या कुठून?"

"किडनीबरोबर."

ताईने वळून दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

"बहिणीला आत बोलवा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "आज त्यांना तपासायचंय."