विरोधाचं दार

पूर्वी रेल्वेत फिटर असलेले त्र्यंबकराव झाशीतून तीनदा आमदार झाले होते. यंदा लकव्यानं त्यांचा उजवा पाय लुळा पडला. उद्या लखनौला, यार्डासाठी रुळांपलीकडची वस्ती उठवणाऱ्या विधेयकावर मतदान होतं. विरोध करणाऱ्यानं सभागृहात उठून विरोधाच्या दारातून चालत जायचं, अशी तिथली रीत. म्हणून महिनाभर बकुळाबाई नवऱ्याला खाटेपासून उंबऱ्यापर्यंत चालवत होत्या. टांगा दारात आला, तेवढ्यात पक्षाचे मनोहरजी उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. “दादा, आराम करा. बीमार माणसाला कोण बोल लावणार? घरी राहिलात तर पुढचं तिकीट पक्कं.” “आणि गेलो तर?” “तर आमदारकी संपली समजा.” त्र्यंबकराव काठी टेकत उठले. तिसऱ्या पावलाला तोल गेला, तसा मनोहरजींनी सवयीनं हात पुढे केला. “हात नको, भैया. तिथं एकट्यानंच चालायचंय. तुम्ही फक्त वाट सोडा.”