मार्चअखेरचं पत्र

सकाळी साडेदहाला चनमल्लप्पा काका सोलापुरातल्या वृद्धाश्रमाच्या कार्यालयात आले. देणगीच्या पत्राला दरवर्षी पहिला चेक त्यांचाच असे. तीनशे पत्रं पाठवून दमलेल्या कीर्तीने पावतीपुस्तक उघडलं.

“ताई, यंदा पत्र लई झ्याक लिवलंय की. ‘इथे आजोबांना घरापेक्षा सुख आहे.’ पोराला, सुनेला वाचून दाखवलं. दोघांनाबी पटलं.”

“मग पावती मुलाच्या नावाने करू का, काका?”

“न्हाय. पोरगा आत्ताच मला फाटकापाशी सोडून गेला.”

काकांच्या हातात बॅग होती.

पत्राची शेवटची ओळही कीर्तीनेच लिहिली होती : बारा जण खाटेची वाट पाहत आहेत. तिने यादीत तेरावं नाव लिहिलं. मुलाचा फोन बंद होता. दुपारी चार वाजता काका बाहेरच्या बाकावरच होते.