आदर्श गावाचा मुरंबा

कॉलेजच्या चित्रप्रकल्पासाठी मी इंग्लंडमधल्या डॉरसेट परगण्यातलं आमचंच आदर्श गाव निवडलं. एकसारखी पांढरी घरं, गवती छपरं. सगळी जुन्या लॉर्डने बांधलेली. माहिती हवी म्हणून त्याच्या वंशातल्या लेडी हॅरिएटकडे हवेलीवर गेले. बाईंनी खिडकीशी बसवून चहा दिला आणि स्कोनच्या मऊ पावावर प्लमचा मुरंबा चांगला थापून दिला.

"जुनं गाव इथंच होतं, या खिडकीसमोर," त्या म्हणाल्या. "आमच्या मूळपुरुषाला त्याचा वास सहन होईना. मग पाडलं सगळं आणि तुम्हा लोकांना टेकडीमागे नवी घरं दिली. केवढं मोठं मन!"

"आणि चर्चमागची दफनभूमी? आमची माणसं तिथंच पुरलेली ना?"

"ती नांगरून टाकली गं. हाडं वेचत कोण बसणार?" हसत त्यांनी बरणी पुढे सरकवली. "तिथंच तर आमची प्लमची बाग आहे. माती अशी कसदार, की खत कधी घालावंच लागलं नाही. घे की अजून, टॅमसिन!"

तोंडातला घास गिळवेना. थुंकावा, तर आपल्याच माणसांना थुंकून टाकल्यासारखं.