ताईबाईचा टाक
"पाटाची बाई देव्हाऱ्यात बसवायची म्हंजी इपरीतच," चुलतसासरे आप्पा माझ्या कानाशी कुरकुरले. शिरूरच्या सोनाराकडून मी ताईबाईचा चांदीचा टाक घडवला होता. ती आप्पांच्या आजोबांची दुसरी बायको. विधवा असताना पाट लावून आली, म्हणून मेल्यावर पन्नास वर्षं तिला देवांत जागा नव्हती. आजोबांशेजारी लग्नाची थोरलीच पुजली जायची. माझी लेक रांजणगावला कोरियन कंपनीत आहे. ती म्हणाली, "आप्पा, कोरियात एक जण राजा झाला, तर त्यानं मेलेल्या खापरपणजीलाही राणी केलं." "आन् आपल्यात कोण राजा झालंय?" "मी सुपरवायझर झाले की!" आप्पांनी देव्हाऱ्यापुढं हात आडवा धरला. भिंतीला धरून त्यांची मोठी बहीण उठली. "म्हाळू, हात काढ. थोरलीला पोर झालंच न्हाई. आपला बा, तू, मी, ही पोरं, समदी ताईबाईच्याच पोटची."